गळका रेडिएटर, घरच्या घरी

(गाडीच्या पुढच्या भागाखालची ओली जमीन. कॅमेरा खालून वर सरकतो.)

हे एसीचं पाणी नाही. एसीचं पाणी वाळलं की मागे काहीच उरत नाही. हे हिरवट आहे, बोटाला चिकटतं आणि त्याला गोडसर वास येतो. गाडीतून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, गळतंय.

पण म्हणून रेडिएटरच गेला, असं लगेच म्हणता येत नाही. वॉटर पंपाचं सील, नळीची सैल क्लिप, हीटरकडे जाणारा पाइप, संशय घ्यायला बऱ्याच जागा आहेत. गार इंजिनावर रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवायचा, झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि टॉर्च घेऊन शोधत बसायचं. या पिकअपमध्ये थेंब सापडले ते जाळी आणि बाजूची प्लास्टिकची टाकी जिथे जुळतात तिथे. कडेला वाळलेल्या कूलंटची पांढरट रेघही दिसते. म्हणजे गळती आजची नाही.

आजच्या बहुतेक रेडिएटरांची हीच दुखरी जागा. मधली जाळी अ‍ॅल्युमिनियमची, टाक्या प्लास्टिकच्या, मध्ये रबराचं सील आणि हे सगळं पत्र्याच्या दुमडलेल्या दातांनी आवळलेलं. इंजिन तापलं की अ‍ॅल्युमिनियम वेगळं फुगतं, प्लास्टिक वेगळं. वर्षानुवर्षं हे चाललं की सील कडक होतं, प्लास्टिक ठिसूळ होतं. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असायचे. गळले की कारागीर डाख देऊन पुन्हा उभे करायचा. प्लास्टिकला डाख कसला देणार? त्यामुळे आता अख्खा रेडिएटरच बदलतात.

(जाळीचं जवळून चित्रण.)

जाळीची कल्पना मात्र जुनीच. १९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीजच्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी जो रेडिएटर केला, त्यात ६ मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. पाणी थोडं, पण त्याला वाऱ्याला भिडायला जागा भरपूर. आजची जाळी दिसायला वेगळी असली तरी हिशोब तोच आहे.

दुकानात गळती बंद करणारी पूड मिळते. अडल्या वेळी गाडी घरापर्यंत आणायला ती ठीक. तिच्या भरवशावर महिनोन्‌महिने गाडी चालवणं ठीक नाही. पूड फक्त भोकच बुजवते असं नाही, हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

आता काम. पहिली पायरी कंटाळवाणी आहे: इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असलं की ते १०७ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने धरलेल्या दाबाखाली तेच १२५ अंशांच्या पुढेही द्रवच राहतं. गरम इंजिनावर झाकण उघडलं की दाब एका क्षणात जातो, आतलं कूलंट उसळतं आणि थेट चेहऱ्यावर येतं. त्यामुळे इथे घाई करायची नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायरही काढायची, कारण बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

कूलंट काढायला खाली टब ठेवून रेडिएटरच्या तळाचा नळ सैल करायचा. नळ प्लास्टिकचा असेल तर पाना लावू नये, हाताने फिरतो तेवढाच फिरवावा. टब मात्र उघडा सोडायचा नाही. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांसाठी जीवघेणं.

पिकअपचं एक सुख असतं. बहुतेकींचं इंजिन लांबीत बसवलेलं असतं, त्यामुळे पुढे हात घालायला जागा मिळते. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं सुटतं. वरची नळी निघते. खालची निघत नाही. रबर पाइपाला चिकटून बसलेलं असतं. ओढत बसण्यापेक्षा पक्कडीने हलकेच पिळून तिची पकड मोडावी. तरीही हलली नाही तर सरळ कापावी आणि नवी घालावी. इतकं सगळं उघडल्यावर जुनी नळी वाचवण्यात काही अर्थ नाही.

(रेडिएटरच्या पुढे दिसणारी दुसरी जाळी.)

पुढची ही दुसरी जाळी एसीच्या कंडेन्सरची. तिचे पाइप उघडायचे नाहीत. त्यात दाबाखालचा गॅस आहे. ती रेडिएटरपासून सोडवून जागच्या जागी धरून ठेवायची. गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सच्या तेलाचे दोन पाइपही बऱ्याचदा रेडिएटरला जोडलेले असतात. ते काढले की लगेच बुचं लावायची. धूळ आत गेली तर गिअरबॉक्स महागात पडतो.

रेडिएटर वर उचलून काढला की जुना आणि नवा शेजारी ठेवून पाहायचा. नळ्यांची तोंडं, कानांची भोकं, जाडी. फरक असेल तर तो आत्ताच कळलेला बरा. जुन्याच्या तळाची रबरी बुटं नव्याला चढवायची. ती बऱ्याचदा नव्यासोबत येत नाहीत आणि नेमकी विसरली जातात. नवा आत उतरवताना जाळीच्या आतल्या बाजूला पुठ्ठा धरला की फॅनची पाती तिच्या पापुद्र्यांना वाकवत नाहीत.

नट आवळून झाले, वायर जोडली. खरं काम आता सुरू होतं, ते म्हणजे आत अडकलेली हवा काढायचं.

कूलंट निवडताना रंगावर जाऊ नये. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचंच घ्यायचं, कारण दोन न जुळणारे प्रकार मिसळले तर आत चिकट गाळ होऊ शकतो. तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरायचं. नळाच्या पाण्याचे क्षार आत बसतात.

हीटर पूर्ण गरमवर ठेवून सावकाश भरायचं, मधूनमधून वरची नळी दाबायची. झाकण न लावता इंजिन सुरू करायचं. बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, पुन्हा ओतायचं. आत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, अजून बंद आहे. साधारण ८० ते ९० अंशांदरम्यान तो उघडतो, वरची नळी एकाएकी गरम होते आणि पातळी गटकन उतरते. पुन्हा भरायचं. हीटरमधून गरम हवा आली तर ठीक. इंजिन तापलेलं असूनही ती गारच येत असेल तर हवा अजून कुठेतरी अडकली आहे. बुडबुडे थांबायचं नावच घेत नसतील तर मात्र हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलवर, संशय घ्यायला हवा. तो दोष नव्या रेडिएटरने जात नाही.

झाकण नवंच लावावं, जुन्यावर छापलेल्याच दाबाचं. एक फेरी मारून गाडी पूर्ण गार झाली की पातळी पुन्हा बघायची आणि क्लिपांना हात लावून पाहायचा. काढलेलं कूलंट गटारात ओतायचं नाही, झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं कूलंट जिथे घेतात तिथे द्यायचं.