तक्त्याबाहेरचे उद्गार

मित्रहो, इंग्रजीच्या आठ शब्दजाती शिकवताना इंटरजेक्शनची, म्हणजे उद्गारवाचक शब्दांची, पाळी बहुधा सगळ्यात शेवटी येते. 'हुर्रे' म्हणजे आनंद, 'अलास' म्हणजे दुःख, एवढा तक्ता पाठ करून घेतला की झालं. मला हे फार खटकतं. 'अलास' आजच्या बोलण्यात जवळजवळ उरलेला नाही, तो पुस्तकी झालाय. आणि ज्यांच्यावाचून इंग्रजी संभाषण पुढे सरकत नाही, त्या 'ओह' आणि 'वेल'बद्दल तक्ता गप्प!

'ओह'कडे नीट बघा. कुणी सांगितलं, 'द मीटिंग इज कॅन्सल्ड,' आणि तुम्ही म्हणालात, 'ओह, आय डिडन्ट नो दॅट.' इथे दुःखही नाही, आनंदही नाही. मघाशी ठाऊक नव्हतं, आत्ता कळलं, एवढंच तुम्ही समोरच्याला कळवता. जॉन हेरिटेज या अभ्यासकाने १९८४ मध्ये 'ओह'चं हे काम उलगडून दाखवलं. म्हणून आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीवर सवयीने 'ओह' म्हणू नका; तुम्हाला ती आत्ताच कळली, असं ऐकणारा धरून चालेल.

'वेल' आणखी नाजूक आहे. 'डिड यू लाइक माय प्लॅन?' या प्रश्नावर जरा थांबून 'वेल...' म्हटलं की पुढचं वाक्य ऐकण्याआधीच विचारणाऱ्याला अंदाज येतो, काहीतरी आवडलेलं नाही. तोच नकार 'वेल'शिवाय दिला तर अंगावर येतो. आपल्याकडून इंग्रजी बोलताना उगाच तुसडेपणा होतो, तो पुष्कळदा हे 'वेल' गाळल्यामुळे.

समोरच्याचं नीट ऐकू आलं नाही की आपण 'हं?' म्हणतो, इंग्रजीत 'हः?' म्हणतात; अशा उद्गाराचा तर तीन भाषाशास्त्रज्ञांनी ३१ भाषांत शोध घेतला. २०१३ च्या त्यांच्या निबंधात दिसतं की एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांतही त्याचा उच्चार आश्चर्य वाटावं इतका सारखा आहे.

आता लिहिण्याकडे येतो. सौम्य उद्गारानंतर स्वल्पविराम पुरतो: 'ओह, आय सी.' भावना तीव्र असेल तर उद्गारचिन्ह, आणि मग पुढचं वाक्य मोठ्या अक्षराने सुरू करायचं.

खरी अडखळ होते पूर्ण उद्गारवाचक वाक्यात. 'हाउ फास्ट शी रन्स!' यात कर्ता आधी, क्रियापद नंतर. पण 'हाउ फास्ट डझ शी रन?' म्हटलं की तो वेग विचारणारा प्रश्न झाला. कौतुक करायला निघालेला माणूस 'डझ' घालतो आणि कौतुक राहतं बाजूला. 'व्हॉट'चंही तसंच: 'व्हॉट अ लव्हली डे!' बरोबर, पण 'वेदर' मोजता येत नाही म्हणून 'व्हॉट लव्हली वेदर!' एवढंच. तिथे 'अ' घालायचा नाही.