पैसे गेले, जबाबदार कोण?

(नौपाडा, ठाणे येथे ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी लोकांना तक्रार अर्ज लिहून देतो. 'सावध राहा, ओटीपी देऊ नका' हे ऐकून ऐकून आपले कान किटलेत. सल्ला चुकीचा आहे असं नाही. पण सगळी सावधगिरी आपणच बाळगायची, तर ज्यांनी ही ऑनलाइन पैसे देण्याघेण्याची यंत्रणा उभी केली ते काय करणार? काही बिघडलं तर जबाब द्यायला कोणीतरी आहे, एवढी खात्री असली की माणूस जांभळी नाक्यावर कोथिंबिरीच्या जुडीलाही बिनधास्त क्यूआर स्कॅन करतो.

एक उदाहरण देतो. जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला की समोरचा म्हणायचा, "काका, पैसे पाठवतो." पाठवायचा मात्र पैशाची मागणी. आपण पिन टाकला की पैसे यायच्या ऐवजी जायचे! पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे आपल्याला वर्षानुवर्षं घोकायला लावलं. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने दोन व्यक्तींमधली ही मागणीची सोयच बंद केली. व्यापाऱ्यांसाठी ती चालू आहे. हे खरं काम. मला विचाराल तर फारच उशिरा झालं.

आता बँकेकडे येऊ. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने नियम घालून दिला. तुमच्या नकळत खात्यातून पैसे गेले, दोष तुमचाही नाही, बँकेचाही नाही, तिसऱ्याच कुणाचा आहे, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाचाही बोजा नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलंत तर तुमच्या नुकसानीला मर्यादा. बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची, ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं कामही बँकेचंच. काउंटरवर मात्र ऐकू येतं, "ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला ना? मग तुम्हीच दिला असणार." अशा वेळी वाद घालत बसू नका. अर्ज द्या, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ त्यात लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तारखेचा शिक्का असलेला तो कागद पुढे फार उपयोगी पडतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.

या नियमाला एक मोठं भोक आहे. घाबरवून, भुलवून तुमच्याच हातून पैसे पाठवून घेतले, तर हे संरक्षण जवळजवळ संपतं. 'डिजिटल अरेस्ट'वाले नेमके इथेच घुसतात. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा, आणि "कुणाला सांगाल तर आत टाकू" ही धमकी. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. फोन ठेवा आणि शेजाऱ्याला हाक मारा. पैसे गेले असतील तर आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा, रडणं नंतर. तिथे तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसे गेले तिला सूचना जाते, आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम रोखली जाते. भामटे पैसे काही मिनिटांत इतरांकडून भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे सरकवतात. म्हणून मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबू नका.

याची दुसरी बाजू कोणी बोलत नाही. तेच चोरीचे पैसे फिरत फिरत एखाद्या दुकानदाराकडे मालाचे म्हणून येतात. ५०० रुपयांच्या बिलासाठी त्याचं अख्खं खातं गोठतं, तक्रार परराज्यातल्या पोलीस ठाण्यात, बँक म्हणते पोलिसांना विचारा, तिकडे फोन कोणी उचलत नाही. वादातले ५०० रोखा, बाकीचे त्याला वापरू द्या, एवढी साधी मागणी आहे. त्याने मालाची पावती जपून ठेवावी आणि बँकेकडून कारण, तक्रार क्रमांक व पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागावं. तुमच्यापैकी कुणाचं खातं असं अडकलं असेल तर कागद घेऊन थांबा, आजच अर्ज लिहून टाकू.