साहेबांची गाडी

(नागपुरात लघुउद्योजकांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, विषय दिलाय ‘कारखान्याच्या आवारातली भंगार गाडी कशी काढावी’. फळ्यावर हे वाचून मागच्या रांगेतल्या दोघांनी माना खाली घातल्या, ते पाहिलं मी. एकाकडे तर दोन आहेत.

आज हिंगण्याच्या एमआयडीसीतून मुद्दाम सावकाश आलो. फाटकातून डोकावलं की एखादा डब्बा दिसतोच. टायर बसलेले, काचेवर धुळीचा लेप, त्यावर कुणीतरी बोटानं नाव लिहिलेलं. बुटीबोरीतही तेच. जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण ज्या खात्यानं आणलं, त्याचे मंत्री आपल्याच गावचे, आणि आपल्याच दिव्याखाली हा अंधार!

वेळेचा भरवसा नाही म्हणून म्हणणं आधीच सांगतो. गाडी पडून राहते ती सहीपायी. क्रेन काय, एका फोनवर येते.

आमच्याकडे पांढरी अँबेसेडर होती. ९२ सालची, मोठ्या साहेबांची. साहेब गेले, गाडी कंप्रेसर रूममागच्या कडुलिंबाखाली लागली ती लागलीच. तिची पंधरा वर्षांची नोंदणी २००७ मध्ये संपली. दरवर्षी ऑडिटवाला यायचा, यादीवर टिक करायचा, ‘आहे ना?’ विचारायचा. आहे ना बाप्पा, जाते कुठं! हिशेबात किंमत शेकड्यांत उरलेली. तरी काढा म्हणायची कुणाची छाती नाही. धाकटे साहेब म्हणत, ‘बाबांची आहे, बघू.’ अकाउंट्सवाले म्हणत, ‘ब्लॉकमध्ये, म्हणजे घसाऱ्यासाठी एकत्र धरलेल्या मालमत्तेच्या गटात आहे, आम्ही कशी काढणार?’ पावसाळ्यात डिकीत पाणी साचायचं, त्यात डासांच्या अळ्या. एकदा मी हलवायचं ठरवलंच, तर चौकीदार आडवा आला. ‘साहेब, मागच्या शिटावर कुत्रीनं पिल्लं देल्ली. आता कशी हलवता?’ झालं, आणखी दोन महिने.

शेवटी २०१२ च्या मे महिन्यात, डोकं तापलेलं असताना, मी एक कबाडी बोलावला. तो गॅस कटर घेऊनच आला, म्हणाला इथंच कापतो. टाकीत पेट्रोलचा वास तसाच होता. ठिणगी आणि पेट्रोलची वाफ यांची गाठ पडली असती तर आज माझ्या फोटोला हार असता. कटर परत पाठवला, गाडी टोचन लावून नेली. रोख पैसे आले, गेटपास फाडला, मी हिरो!

दीड वर्षानं दारात पोलीस. शेजारच्या जिल्ह्यात एका पांढऱ्या अँबेसेडरनं मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं. पाटी आमची. ‘विकली हो भंगारात!’ ‘कागद?’ कागद म्हणजे गेटपास. त्यावर काय लिहिलेलं? ‘स्क्रॅप, एक नग.’ आरसीवर नाव कंपनीचं, म्हणून तीन वर्षं तारखा आम्ही केल्या. माझ्या दोन दिवाळ्या त्यात गेल्या, आणि कबाड्याचा फोन बंद. पुढं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव, भरपाईपुरता मालक तोच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं, ते आता पळत सांगतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ पाहा. गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०२१ च्या नियमांपासून नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आलीत. अर्ज ऑनलाइन होतो, गाडी एमएच-३१ असो की एमएच-४०, देशातलं कुठलंही असं केंद्र चालतं. आधी बँकेचा बोजा उतरवा, त्याला फॉर्म ३५ लागतो. अर्धी प्रकरणं इथंच अडतात, कारण कर्ज फिटून दहा वर्षं झालेली असतात आणि ती शाखाही हललेली असते. दंड, थकीत कर बघा. कंपनीच्या नावची गाडी असेल तर सही कोण करणार याचा ठराव लेटरहेडवर घ्या. केंद्र गाडी चोरीची आहे का तेही तपासतं.

उचलायच्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर फ्लॅटबेड बोलवा. फोर्कलिफ्टचे काटे खाली घालू नका, टाकी फुटते. वजन आपल्या ओळखीच्या धरमकाट्यावर करा. गेटपासवर चेसिस नंबर लिहा, ‘एक नग’ नाही! ऑइल, बॅटरी, एसीचा गॅस आवारात काढू नका. ते केंद्राचं काम.

गाडी दिली की जमा प्रमाणपत्र मिळतं. त्यावर नवी गाडी घेताना रोड टॅक्समध्ये सवलत असते, केंद्र सरकारच्या नियमांत खासगीला २५ टक्क्यांपर्यंत, व्यावसायिकला १५ पर्यंत. मोडून झाल्यावर स्क्रॅपिंगचं प्रमाणपत्र वेगळं येतं, तेही मागून घ्या. आरटीओत नोंदणी रद्द झाल्याचं डोळ्यांनी पाहा, मगच अकाउंट्सला ब्लॉकमधून काढायला सांगा.

बस. प्रश्न? हो, मागून... किल्ली हरवली आहे आणि ब्रेक जाम? विंचवाली, म्हणजे तारेच्या दोरानं ओढणारी गाडी मागवा, चाकांखाली ग्रीस लावलेला पत्रा सरकवा, ओढली जाते. आमच्याकडे किल्ली होती, साहेबांच्या घरी, देवघराच्या खणात.