पोटातला फुगवटा

सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणा एकमेकींना मिळतात. कृष्णा दुथडी भरली की वारणेचे पाणी संगमापाशी अडते आणि मागे शिवारात पसरते. हा फुगवटा इथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पोटातही असाच संगम आहे. आतड्यांकडून आणि प्लीहेकडून येणाऱ्या शिरा स्वादुपिंडामागे एकत्र येतात, तिथून पोर्टल व्हेन सुरू होते आणि यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त तीच नेते.

या शिरेतला दाब वाढला की अन्ननलिकेतल्या शिरा फुगून रक्तस्राव होऊ शकतो. दाब वाढण्याचे नेहमीचे कारण यकृताचा सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक आणि खरबरीत होण्याचा आजार, असल्यामुळे रक्ताची उलटी झालेल्या माणसाला आधी दारूबद्दल विचारले जाते, आणि दारूला कधी न शिवलेल्या बाईला तो प्रश्न फार लागतो. मिरजेतल्या या सोनोग्राफीच्या खोलीत पडद्याकडे पाहा. यकृताची कड गुळगुळीत आहे, म्हणजे सिरॉसिसची खूण नाही; प्लीहा मात्र वाढलेली आहे. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारे डॉपलर लावल्यावर पोर्टल व्हेनमध्ये जो रंग दिसायला हवा तो नाही. तिच्या जागी बारीक, नागमोडी शिरांचे जाळे आहे. रक्ताची गुठळी जुनी आहे आणि रक्ताने आपली आडवाट काढली आहे.

गुठळी का झाली, हा खरा प्रश्न. प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन हे गोठण्याला आवर घालणारे घटक काहींमध्ये जन्मतःच कमी असतात. पण ते यकृतातच तयार होत असल्याने यकृत बिघडल्यावरही कमी भरतात, त्यामुळे एका अहवालावर निदान ठरवू नये. १९९४ साली उलगडलेला फॅक्टर फाइव्ह लायडन हा जनुकीय दोषही तपासतात. सर्वांत फसवा प्रकार अस्थिमज्जेच्या विकाराचा: त्यात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, वाढायला हव्यात, परंतु वाढलेली प्लीहा त्या अडवून ठेवते आणि अहवालात आकडा नॉर्मल येतो. म्हणूनच आकडा चांगला दिसला तरी या विकारात आढळणाऱ्या, २००५ पासून माहीत झालेल्या जॅक-टू जनुकातील बदलाची तपासणी करायलाच हवी, असे आम्हांला आग्रहाने सांगावेसे वाटते.

रक्तस्राव झालेल्या रुग्णालाच रक्त पातळ करणारी गोळी द्यायची, हे ऐकून घरचे घाबरतात. त्यामुळे एंडोस्कोपीतून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या निळसर शिरांना आधी रबरी कडी बसवतात. त्यानंतर, कारण पाहून, गोळी सुरू होते, आणि ती वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे माप) बहुधा २ ते ३ दरम्यान राखण्यासाठी रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागते.