आधी खोला, मग तोला

(दृश्य: उद्यमबाग. शेडबाहेर काढलेलं जुनं लेथ मशीन, शेजारी भंगारवाल्याचा वजनकाटा.)

निवेदन:

बेळगावातनं खानापूरकडं निघालं की उद्यमबाग लागते. फौंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे पंप आणि व्हॉल्व्ह करणारे कारखाने एकमेकांना खेटून उभे आहेत. पुढं मच्छे, पुण्याच्या वाटेवर होनगा. या शेडमधनं दोन-दोन पिढ्या राबलेली मशिनं संगणकावर चालणारं सीएनसी आलं तशी बाहेर पडू लागली. बाहेर पडलेल्या मशीनला भाव लागतो तो किलोवर. घात होतो तो तिथंच.

वजनकाट्याला सगळं सारखंच. लेथच्या डोक्याकडच्या हेडस्टॉकमधलं गनमेटलचं बुश, हत्यार सरकवणाऱ्या एप्रनमधला ब्राँझचा हाफ नट, मोटरमधली तांब्याची वायंडिंग, सगळं बिडाच्या, म्हणजे स्वस्त ओतीव लोखंडाच्या भावानं जातं. म्हणून जाणता मिस्त्री आधी पाने काढतो, काटा मागनं.

(दृश्य: गिअर बॉक्सचा ड्रेन प्लग, खाली ट्रे.)

पहिलं काम तेलाचं. गिअर बॉक्समधलं काळं ऑइल जमिनीवर सोडायचं नाही, गटारात तर नाहीच. शहरातलं सांडपाणी बळ्ळारी नाल्यातनं शहापूर-वडगावच्या शिवारातनं वाहतं, आणि तिथं आपल्याच माणसांची भातशेती आहे. 2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे वापरलेलं तेल झाकणाच्या बॅरलमध्ये ठेवून परवानाधारक रिसायकलरलाच द्यावं लागतं, आणि साधारणपणे 90 दिवसांच्या वर साठवता येत नाही.

जुन्या क्लच आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. ती धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि तिचा त्रास कित्येक वर्षांनी उठतो. ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधायचं. भंगाराच्या दुकानातली पोरं हे काम तोंडावर काही न बांधता करतात. हे थांबलंच पाहिजे.

बेअरिंग निघाली की नंबर वाचायचा. 6205 असेल तर शेवटच्या 05 ला पाचानं गुणायचं: आतला व्यास 25 मिलिमीटर. धुऊन, हातानं फिरवून खरखर नसेल तर ते हलक्या कामाला चालतं. जास्त फेऱ्यांच्या स्पिंडलला, म्हणजे काम फिरवणाऱ्या मुख्य दांड्याला मात्र जुनं बेअरिंग घालू नये.

(दृश्य: उघडा पडलेला बेड, त्यावर निळ्या रंगाचे ठिपके.)

आता खरा ऐवज, बेड, म्हणजे लेथचा बिडाचा लांब पाया. बीड ओतलं की जाड भाग सावकाश थंड होतो, पातळ भाग लवकर, आणि त्यामुळं आत ताण राहतो. नवं ओतकाम तसंच मशीनवर घेतलं तर पुढं वाकतं. म्हणून ते भट्टीत तापवून ताण काढावा लागतो. वर्षानुवर्षं वापरात राहिलेल्या बेडमधला बराचसा ताण आपोआप निघून गेलेला असतो. असं बीड फोडून भट्टीत टाकणं मला तरी पटत नाही.

बेड झिजतो तो काम पकडून फिरवणाऱ्या चकजवळ, कारण निम्म्याहून जास्त काम तिथंच होतं. पलीकडच्या टोकाची, टेलस्टॉककडची बाजू तशीच राहते. झीज थोडी असेल तर स्क्रेपिंग करतात: सरळ पट्टीला निळा रंग लावून बेडवर घासायची, जिथं निळं उमटेल ती उंच जागा, ती हातातल्या स्क्रेपरनं खरवडायची. परत रंग, परत खरवड. दिवसच्या दिवस जातात. हे हात आता उद्यमबागेतही कमी झालेत, आणि शिकायला बसणारी पोरं त्याहून कमी.

मशीनवर कापताना उरलेला धातूचा कीसही वेगवेगळा ठेवावा. बिडाचा, स्टीलचा, अ‍ॅल्युमिनियमचा. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना करणारा कारखाना याच शहरात आहे. खनिजापासून अ‍ॅल्युमिनियम करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण 5 टक्क्यांत भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळतं. पण लोखंडात मिसळलेला, कापताना ओतायच्या कूलंटनं चिंब कीस कोण घेणार?

(दृश्य: रंग दिलेलं लेथ मशीन टेम्पोत चढतंय.)

दुरुस्त केलेलं असं मशीन निपाणी, खानापूरकडच्या छोट्या वर्कशॉपला पुरतं. ट्रॉलीच्या पिना, पंपाचे शाफ्ट त्यावर नीट होतात. घेणाऱ्यानं रंगाला भुलू नये. बेडवरनं सरकणाऱ्या कॅरेजवर डायल गेज लावून चकपासून टेलस्टॉकपर्यंत फिरवावा, एक लांब शाफ्ट टर्न करून दोन्ही टोकांना मायक्रोमीटरनं मापावा, आणि मगच पैशाचं बोलावं.