मानेचा दिवा

टेबलावरचा, वाकत्या हाताचा हा विजेचा दिवा मी किलोच्या भावाने घेतलाय. जळगावच्या एका भंगारच्या दुकानात सायकलच्या मडगार्डांखाली दबून पडला होता. बैठक ओतीव लोखंडाची, त्यामुळे काटा चांगलाच झुकला. दुकानदार खूश. मी तर त्याहून खूश.

अमळनेरला आमच्या घरी याला ‘मानेचा दिवा’ म्हणतात. नवा दिवा आणला की आईचा प्रश्न ठरलेला, “हाऊ बी मान टाकी देस का?”

बहुतेक टाकतातच. मग लोक काय करतात, तर पाना घेऊन नट आवळतात. मान उभी राहते, पण दिवा हलवला की कुरकुरतो, बोल्टचं भोक लांबट होत जातं आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. नटावर राग काढून उपयोग नाही. हा दिवा तोललेला असतो स्प्रिंगवर.

जॉर्ज कारवर्डाइन हा इंग्लंडमधल्या बाथचा अभियंता, मोटारींच्या सस्पेन्शनवर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेवर काम करणारा. त्याने 1932 मध्ये या तोलाचं पेटंट घेतलं. रेडिचच्या हर्बर्ट टेरी अँड सन्स या स्प्रिंगा बनवणाऱ्या कारखान्याने दिवे काढले, नाव ‘अँगलपॉइज’. आधीच्या मॉडेलला 4 स्प्रिंगा होत्या. 1935 च्या 1227 मॉडेलला 3.

आता हा हात बघा. आडवा धरला की डोक्याचं वजन सगळ्यात जास्त ओढतं. उभा करत नेला की ओढ कमी होते. स्प्रिंग अशा जागी अडकवलीय, की तिची ओढही त्याच मापात कमीजास्त होते. म्हणून जिथे सोडाल तिथे तो थांबतो. निदान थांबायला हवा!

माझ्या पहिल्या दिव्याची स्प्रिंग मी पकडीने खेचून काढली होती. तिचे वेढे फाकले ते कायमचे. आता सुतळीचा फास करतो, आकड्यात घालतो आणि स्प्रिंग हळूच ओढून घेतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, सुटलेली स्प्रिंग नातं बघत नाही.

वायरीत मात्र जुनेपणाचा मोह नको. वरून सुताची वीण छान दिसते, पण आतलं रबर वाळलेल्या बिबडीच्या पापडासारखं तुटतं. सगळं अंग लोखंडाचं, म्हणजे शॉकला आमंत्रणच. मी तीन तारांची वायर ओढतो आणि अर्थिंग बैठकीला जोडतो. रंग मात्र शक्यतो खरवडत नाही. कुणाच्या तरी बोटांनी झिजलेली ही कड मला नव्या रंगापेक्षा आवडते. टेरीचा ठसा असलेला अस्सल दिवा माझ्याकडे एकच आहे, बाकी सगळे बिननावाचे. जीव सगळ्यांवर सारखाच.

या दिव्याने मात्र छळलं. स्प्रिंगा ठीक, सांधे मोकळे, तरी मान खाली. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी बल्ब काढून हातात घेतला. एलईडीचा होता, जुन्या तारेच्या बल्बपेक्षा चांगलाच जड. तोल त्या हलक्या काचेच्या हिशोबाने बसवलेला! हलका बल्ब लावला आणि मान जागच्या जागी थांबली.

आता आई याच्या उजेडात ज्वारी निवडते. पंधरा दिवस झाले, मान हललेली नाही. तरी पाना तिने शेजारीच ठेवलाय.