विसार देण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांत घर किंवा प्लॉट घ्यायच्या तयारीत असलेल्या मंडळींशी आज बोलायचं आहे. दस्त तयार करणं आणि जुने दस्त तपासणं हे माझं रोजचं काम. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं सांगतात, "मॅडम, व्यवहार ठरलाय, विसार देऊन झालाय, आता तेवढे कागद बघा." माझी कळकळीची विनंती आहे, हा क्रम उलटा करा. कागद आधी बघा, विसार मग द्या. विसार गेला की माणसाला कागदातला दोष दिसत असूनही बघवत नाही, आणि समोरचाही मग कागद द्यायला चालढकल करतो.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : साठेखत झालं, म्हणजे घर माझं झालं ना? नाही झालं. साठेखत म्हणजे पुढे विक्री करू असा करार. मालकी येते ती नोंदवलेल्या खरेदीखतानं. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 सालचा आहे आणि हे त्यात तेव्हापासून लिहिलेलं आहे. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) आणि ताबापावती यांच्यावर घर "विकत" घेणाऱ्यांनाही सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली स्पष्ट सांगितलं, की अशा कागदांनी मालकी मिळत नाही. घरपट्टी तुमच्या नावावर आहे, लाईटबिल तुमच्या नावावर येतं, यानंही मालक होता येत नाही. महापालिका कर घेते तो राहणाऱ्याकडून. मालक कोण, हे ती ठरवत नाही.

आपल्याकडे हे जास्त जोर देऊन सांगावं लागतं, कारण गुंठेवारी. शहराच्या कडेच्या शेतजमिनींचे गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे पडले, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून विकले गेले आणि त्यावर माणसांनी आयुष्यभराची कमाई घालून घरं बांधली. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 साली आला, आणि 2021 च्या दुरुस्तीनं त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. असं घर घेताना नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागाच, पण तिथं थांबू नका. त्या प्रमाणपत्रानं प्लॉट आणि बांधकाम नियमित होतं, तुटलेली मालकी जोडली जात नाही. मूळ शेतकऱ्यानं पहिल्या माणसाला नोटरीवर दिलं, त्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तुम्हाला, अशी साखळी असेल तर कायद्याच्या नजरेत मालक अजून तो मूळ शेतकरी किंवा त्याचे वारस. त्यांच्या सहीचं नोंदणीकृत खरेदीखत मिळणार असेल तरच पुढे जा.

आता सातबारा. लोक सातबारा हातात घेतात, वरचं नाव वाचतात आणि घडी घालतात. तुम्ही नजर उजवीकडच्या 'इतर हक्क' या रकान्यावर न्या. विकास सोसायटीचा बोजा, बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज, कुळाचं नाव, बहिणींची नावं, सगळं तिथं सापडतं. भोगवटादार वर्ग 2 असं लिहिलेलं असेल तर सरकारी परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. मग फेरफारांचे नंबर घ्या आणि एकेक फेरफार काढून वाचा, नाव कसं आलं, कुणाचं कमी झालं ते त्यात कळतं. गावठाणात किंवा सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक बघायचं. आणि लक्षात ठेवा, सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध घ्यायचा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. नोंद न झालेला एखादा व्यवहार किंवा घरातला वाद असेल तर तो अशा नोटिशीनंच पुढे येतो.

बहिणींबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचंय. वडील गेले, भावांची नावं लागली, आता भाऊ घर विकतायत. "बहिणींनी कधीच सोडलंय हो, त्यांना काही नको," असं बैठकीत सहज सांगितलं जातं, आणि घेणाराही पावण्यारावळ्यांच्या समोर जास्त विचारायला संकोचतो. विचारा. तोंडी सोडलेला हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदवलेलंच लागतं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क मिळाला, आणि वडील त्या दुरुस्तीआधी वारले असले तरी तो हक्क राहतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली दिला. आईचा हिस्सा, वारलेल्या बहिणीच्या मुलांचा हिस्सा, हेही आलंच. सगळ्या वारसांनी खरेदीखतावर सह्या कराव्यात, हे उत्तम. काही घेणाऱ्यांना बहीण म्हणजे व्यवहारातली अडचण वाटते. मला ते पटत नाही. तिचं आहे ते तिला विचारूनच घ्यावं. ती सही करायला आली, तिचा वाटा तिच्या खात्यावर गेला, की तुमच्या मुलाबाळांना पुढे कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

कागदात न दिसणारी एक गोष्ट म्हणजे पाणी. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदी 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी तिथं 45 फूट आहे. टिळक चौक, मारुती रोड पाण्यात होते. नगररचना विभागाकडून जागेचा झोन दाखला घ्या आणि जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे का, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये आहे का, ते विचारा. नेहमीच्या मोठ्या पुराचं पाणी जिथवर येतं ती निळी रेषा, क्वचितच्या महापुराचं जिथवर येतं ती लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम निषिद्ध असतं. शिवाय विकणाऱ्याला न विचारता शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, 2005 ला आणि 2019 ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

पैशांचं थोडक्यात सांगते. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाची किंमत, यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं. समजा व्यवहार 35 लाखांचा आणि रेकनरनं किंमत 38 लाख आली. महापालिका हद्दीत सहा टक्के धरले तर दोन लाख 28 हजार रुपये शुल्क, आणि वर नोंदणी फी 30 हजार. नोंदणी फी एक टक्का असते, पण 30 हजारांच्या वर जात नाही. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे या उदाहरणात 38 हजार वाचले. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याचा आयकर, त्याच्या रकमेतून कापून सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. किंमत कमी दाखवून उरलेले रोख द्या, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख रक्कम घेणं कायद्यानं मना आहे, आणि उद्या व्यवहार मोडला तर ते पैसे दिल्याचं सिद्ध करणं फार अवघड.

फ्लॅट घेणाऱ्यांनी महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर बघा आणि त्या संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती वाचा. नोंदवलेला करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आपल्याकडच्या लहान इमारती, म्हणजे आठपर्यंत फ्लॅट किंवा पाचशे चौरस मीटरपर्यंतची जागा, यांना महारेराची नोंदणी लागत नाही. तिथं 1963 चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा बघायचा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मात्र सगळ्यांनीच मागायचं. आणि इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नसेल, तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्यासाठी, अर्ज करू शकते. बिल्डर सही करत नाही म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या सोसायट्या मी पाहते, त्यांनी हे जरूर करावं.

"बँकेनं कर्ज मंजूर केलं, म्हणजे कागद चोख आहेत ना?" हाही नेहमीचा प्रश्न. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो. तुमच्या बाजूनं बघणारा माणूस वेगळा लावा. त्याची फी घराच्या किमतीच्या मानानं किरकोळ असते.

खरेदीखतावर सह्या झाल्या की चार महिन्यांच्या आत ते नोंदणीला हजर करावं लागतं. शक्यतो त्याच दिवशी करा. दोन साक्षीदार, ओळखपत्रं, पॅनकार्ड बरोबर ठेवा. सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत घ्या आणि त्यातला गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा घरी जाऊन पुन्हा ताडून बघा. मग तुमच्या नावाचा फेरफार लागतो का, ते बघा. हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकत नसेल तर मंडल अधिकारी फेरफार मंजूर करतात. सिटी सर्व्हे भागात हे काम नगर भूमापन कार्यालयात. ही नोंद आपोआप होईल असं धरून पुष्कळ जण गप्प बसतात आणि दहा वर्षांनी विकायला निघाल्यावर उताऱ्यावर जुन्या मालकाचंच नाव निघतं. तेव्हा महिनाभरानं नवा उतारा काढा, आणि आपलं नाव त्यावर दिसेपर्यंत तलाठी कार्यालयात विचारत राहा. नमस्कार.